व्हिक्टिमॉलॉजी कुठे शिकावी? नागपूरच्या एका वडिलांना सविस्तर उत्तर

भाऊ, तुमची मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र आणि समाजशास्त्र, आणि निकाल लागला की व्हिक्टिमॉलॉजीच, म्हणजे ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचा अभ्यास करणारं पीडितशास्त्रच, शिकणार असं तिने घरात जाहीर केलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: नागपुरात याचं कॉलेज आहे का, बाहेर पाठवायचं झालं तर कुठे, आणि हे शिकून पोट भरेल का. मी आधी समाजकार्य शिकले, मग कायदा केला, आणि बरीच वर्षं इथल्या न्यायालयांत पीडित कुटुंबांच्या बाजूने काम करते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, मुलामुलींचं क्षेत्रकार्यही बघते. उत्तर लांबणार आहे. मुलीलाही वाचायला द्या.

सरळ सांगते, व्हिक्टिमॉलॉजी या नावाची पदवी शोधत फिरू नका. आपल्या देशात हा विषय बहुतेक ठिकाणी क्रिमिनॉलॉजीच्या, म्हणजे गुन्हेशास्त्राच्या, एमएत एक-दोन पेपर म्हणून किंवा एलएलएम या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीच्या फौजदारी गटात एक भाग म्हणून शिकवतात. तिने आधी असं शिक्षण घ्यावं, ज्याच्या बळावर ती पीडित माणसाजवळ अधिकाराने बसू शकेल: समाजकार्य, कायदा किंवा मानसशास्त्र. पोलीस ठाण्यात, मेडिकलच्या वॉर्डात, न्यायालयाच्या व्हरांड्यात पहिला प्रश्न येतो, ‘आपण कोण?’ त्याला ‘मी वकील’, ‘मी समाजकार्यकर्ती’, ‘मी समुपदेशक’ असं उत्तर देता यावं लागतं. पीडितशास्त्राचा अभ्यास त्या पायावर चढवायचा. तो चढवलाच पाहिजे, कारण नुसता वकील आणि नुसती समाजकार्यकर्ती दोघंही पीडिताच्या बाबतीत अर्धीच कामं करतात, हे मी रोज बघते.

हा विषय आज इतका गरजेचा का, ते कायद्यातून कळेल. आपल्या फौजदारी प्रक्रियेत खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्याच्यावर गुन्हा घडला तो त्यात फक्त साक्षीदार. ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली ती ३१ डिसेंबर २००९ पासून. त्याच दुरुस्तीने कलम ३५७अ खाली नुकसानभरपाईची योजना आली आणि आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क पीडिताला मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे सगळं पुढे आलं आणि थोडं वाढलं: तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवायचं, सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताचं ऐकायचं, गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद घ्यायची. कागदावर हक्क भरपूर झाले. ते माणसाच्या हातात नेऊन देणारी प्रशिक्षित माणसं मात्र फार थोडी आहेत. तुमच्या मुलीला काम आहे ते इथे.

ऐकलंच गेलं नाही तर काय होतं, हे नागपूरला वेगळं सांगायला नको. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्या जिल्हा न्यायालयात जमावाने एका आरोपीला ठार मारलं. कस्तुरबा नगरातल्या बायकांचं म्हणणं होतं की त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी करूनही कोणी दखल घेतली नाही. त्या घटनेचं समर्थन मी करणार नाही, पण तिच्या आधीची ती वर्षं पीडितशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवली गेली पाहिजेत.

कोणताही अभ्यासक्रम निवडताना मी एक कसोटी लावते, तीही सांगते. या विद्येचा इतिहास गमतीशीर नाही, टोचणारा आहे. मेंडेलसोन आणि हान्स फॉन हेंटिग हे याचे सुरुवातीचे अभ्यासक; हेंटिगचा ग्रंथ १९४८ चा. त्यांचं लक्ष पीडिताच्या दुःखापेक्षा गुन्ह्यातल्या त्याच्या वाट्याकडे जास्त होतं. १९५८ मध्ये मार्व्हिन वुल्फगँगने फिलाडेल्फियातल्या ५८८ खुनांचा अभ्यास करून सुमारे २६ टक्के प्रकरणांत पहिला वार मेलेल्यानेच केला होता, असं मांडलं. पुढे १९७१ मध्ये मेनाकेम अमीरने हीच कल्पना बलात्काराला लावली आणि त्यावर जोरदार टीका झाली. ती व्हायलाच हवी होती. यानंतर हा विषय हळूहळू वळला, आणि २९ नोव्हेंबर १९८५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्याच्या पीडितांसाठीचा जाहीरनामा मंजूर केला. न्यायापर्यंत पोच आणि सन्मानाची वागणूक, गुन्हेगाराकडून भरपाई, सरकारकडून नुकसानभरपाई, आणि मदत, असे चार भाग त्यात आहेत. चांगल्या अभ्यासक्रमाचा सांगाडा आजही हाच असतो.

अजूनही काही ठिकाणी सगळा पेपर मेंडेलसोन आणि हेंटिगने पाडलेल्या पीडितांच्या प्रकारांची यादी पाठ करून संपतो. मुलीने प्राध्यापकांना जाऊन विचारावं: तुम्ही देसाईगंजचा खटला शिकवता का?

हा खटला आपल्या विदर्भातला. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, कारण भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, ओरडा नाही, असं म्हणत पुन्हा दोघांना मुक्त केलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदा प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं न्यायालयाने गृहीत धरायचं, आणि पीडितेची ओळख छापायची नाही. पीडिताच्या वागण्यातून त्याची ‘संमती’ शोधायची ती जुनी सवय आणि ती मोडायला लागलेली ताकद, दोन्ही या एका खटल्यात दिसतात. जे शिक्षक हा खटला दोन तास शिकवतात त्यांच्या हाताखाली मुलगी निश्चिंत सोडा.

आता कॉलेजं.

बाहेर पाठवायची तयारी असेल तर माझं पहिलं नाव मुंबईचं टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. तिथे क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस या विशेष शाखेतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी होते. टिसचं मोठेपण पुस्तकी नाही. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीचा विशेष कक्ष त्यांनीच सुरू केला आणि तो नमुना नंतर राज्यभर गेला. १९९० पासून ‘प्रयास’ हा त्यांचा प्रकल्प तुरुंगातल्या आणि सुटलेल्या माणसांबरोबर काम करतो. विद्यार्थी या कामांत हात घालून शिकतात. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते, तिचा अर्ज भरायची मुदत बीएच्या निकालाच्या पुष्कळ आधी संपते. हे ध्यानात ठेवा, दरवर्षी कितीतरी मुलं इथेच हुकतात.

संशोधनाकडे ओढा असेल तर चेन्नईचं मद्रास विद्यापीठ. तिथला क्रिमिनॉलॉजी विभाग या विषयाचं भारतातलं जुनं घर आहे. इंडियन सोसायटी ऑफ व्हिक्टिमॉलॉजी १९९२ मध्ये चेन्नईतच स्थापन झाली. प्रा. के. चोकलिंगम यांनी तिथे जे उभं केलं त्याची दखल या विषयाच्या जागतिक संघटनेनेही घेतली, ते तिचे अध्यक्षही होते. तमिळनाडूतच तिरुनेलवेलीच्या मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठातही चांगला विभाग आहे. भाषेची काळजी करू नका, शिकवणं इंग्रजीत असतं आणि तमिळनाडू एक्स्प्रेस, जीटी या गाड्या नागपूरहूनच जातात. पण क्षेत्रकार्यात तमिळ लागते, आणि पीडिताशी त्याच्या भाषेत बोलता येत नसेल तर निम्मं शिक्षण वाया जातं. म्हणून हा पर्याय मी अभ्यासक व्हायचं असेल तरच सुचवते. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात १९५९ पासून क्रिमिनॉलॉजी आणि न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञानाचा विभाग आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात दिल्लीची जुनी लोकनायक जयप्रकाश नारायण संस्था सामील झाली आहे, तिथेही क्रिमिनॉलॉजी शिकता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि व्हिक्टिमॉलॉजी या दोन्ही नावांचं केंद्र आहे, पण तो विचार कायद्याची पदवी झाल्यावर.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत फ्रेस्नोच्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात आणि नेदरलँड्समध्ये टिलबर्गला याच नावाचे अभ्यासक्रम झाले आहेत. पदवीनंतर लगेच कर्ज काढून तिथे पाठवू नका. आधी इथे काम करू दे, मग शिष्यवृत्ती मिळाली तर जाऊ दे.

आता आपलं नागपूर. एक गैरसमज आधी दूर करते. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था नागपुरात आहे म्हणून ‘तिथेच हा विषय असेल’ असं बरेच पालक समजतात. तिथे रक्त, डीएनए, विष, हस्ताक्षर, संगणकातला पुरावा यांचं विज्ञान शिकवतात आणि प्रवेशाला विज्ञान शाखा लागते. तुमच्या मुलीचा तो रस्ता नाही.

तिला घरी राहून शिकायचं असेल तर मी एमएसडब्ल्यू सांगेन. मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. दोन वर्षांत आठवड्याचे ठरावीक दिवस क्षेत्रकार्य आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग काम, असते. तिने तोंड उघडून मागायचं: मला अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर द्या, पोलिसांचा भरोसा सेल द्या, बाल कल्याण समिती द्या, मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण द्या. जी मुलं मागत नाहीत त्यांच्या वाट्याला वस्तीचं सर्वेक्षण येतं; तेही चांगलंच काम, पण तिचं नव्हे. जोडीला इग्नूची क्रिमिनल जस्टिसमधली पदव्युत्तर पदविका बघा, इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून परवानगी दिली आहे.

दुसरा रस्ता तीन वर्षांचं एलएलबी, सीईटी देऊन. नंतर एलएलएम इथल्या विद्यापीठात किंवा वारंग्याच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात, तिथे क्लॅट ही प्रवेश परीक्षा लागते. तिसरा रस्ता मानसशास्त्रात एमए. तो घेतला तर एक बजावते: एमए करून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ अशी पाटी लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आधीच मोडलेल्या माणसावर अशी कच्ची विद्या चालवणं हा अपराध आहे, याहून सौम्य शब्द मला वापरता येत नाही.

घरबसल्या सहा आठवड्यांत मिळणाऱ्या ‘सर्टिफाइड व्हिक्टिमॉलॉजिस्ट’ प्रमाणपत्रावर पैसे घालू नका. त्याने कुठलंही दार उघडत नाही.

क्षेत्रकार्यावर मी एवढा भर का देते, ते एका प्रसंगातून सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, एका प्रकरणात मुलीची आई आमच्याकडे आली. मनोधैर्य योजनेच्या अर्जाचं काय झालं हे विचारायला ती आली असेल, असं माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनीला वाटलं. ही राज्याची योजना, २०१३ मध्ये सुरू झाली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना मदत देते आणि आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. विद्यार्थिनीने फाईल काढली. आधारवर मुलीचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासबुकावर तिसऱ्याच स्पेलिंगचं. ती त्यावर बोलत होती आणि आई पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढत होती. कागद जामिनाच्या सुनावणीचा होता. शिपाई सही घेऊन देऊन गेला होता, काय आहे ते कोणी सांगितलं नव्हतं. तारीख दोन दिवसांवर. ‘मॅडम, थो सुटला का?’ तिने विचारलं. ‘पोरगी शाळेत जायाले भेते.’

मुलगी सोळा वर्षांखालची असेल तर बलात्काराच्या प्रकरणात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीची किंवा तिच्या वतीने कोणाची तरी उपस्थिती कायद्याने आवश्यक आहे. तो कागद म्हणजे तिचा हक्क होता, आणि तो तिच्या पदरात गाठ मारून पडला होता. विद्यार्थिनीने त्याच संध्याकाळी सरकारी वकिलांना गाठलं. आरोपीच्या घराचा रस्ता मुलीच्या शाळेवरून जातो, एवढी एकच गोष्ट तिने आईच्या तोंडून नीट लिहून घेतली आणि न्यायालयापुढे आणायची व्यवस्था केली. नावाचा घोळ मग शाळेचं बोनाफाईड, बँकेतला अर्ज, प्रतिज्ञापत्र असा हळूहळू सुटला. पण आधी काय ऐकायचं, हे ती त्या दिवशी शिकली. पुस्तकात याला ‘पीडिताच्या गरजांचं मूल्यमापन’ असं नाव आहे आणि परीक्षेत त्याला दहा गुण असतात.

म्हणून कॉलेजला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: क्षेत्रकार्यात मुलीच्या पाठीशी कोण असेल? आठवड्याला पर्यवेक्षकाबरोबर तिची आयसी, म्हणजे एकटीशी समोरासमोर चर्चा, खरोखर होते का, की वहीवर नुसती सही होते? तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच, की असं सगळं ऐकून मुलीच्या मनाचं काय होईल. होतं. झोप उडते, चिडचिड होते, घरातल्या पुरुषांकडेही संशयाने बघावंसं वाटतं. हे दुबळेपणाचं लक्षण नाही, या कामाचा तो ज्ञात परिणाम आहे आणि त्यावर उपाय आहेत: नियमित पर्यवेक्षण, प्रकरणांची मर्यादित संख्या, आणि घरी कोणीतरी असं, जे ‘सोड हे काम’ न म्हणता जेवायला वाढेल. यातलं शेवटचं तुमच्या हातात आहे.

पोटाचं. खोटी आशा दाखवत नाही. सखी केंद्र, जिल्हा बाल संरक्षण कक्ष इथल्या जागा बहुतेक कंत्राटी आणि मानधन तोकडं. पोक्सोच्या प्रकरणात मुलाबरोबर शेवटपर्यंत राहणारी ‘सपोर्ट पर्सन’ नेमली जाते. तिच्यासाठी समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यांतली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवीनंतर बालशिक्षण वा बालसंरक्षणातला तीन वर्षांचा अनुभव धरतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याने कंपन्यांच्या अंतर्गत समितीत बाहेरची एक जाणकार सदस्य लागते, आपल्या मिहान आणि बुटीबोरी औद्योगिक भागांतल्या कंपन्यांनाही. शिकवायचं असेल तर यूजीसी-नेटला क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे.

आर्थिकदृष्ट्या सगळ्यात भक्कम जोड माझ्या मते एमएसडब्ल्यू आणि नंतर एलएलबी. पीडिताला स्वतःचा वकील नेमून सरकारी वकिलाला साहाय्य करता येतं. त्याला मर्यादा आहेत. साक्षीदाराची तपासणी तो स्वतः करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण जामिनाला विरोध, भरपाईची मागणी, अपील ही कामं खरी आहेत आणि वाढत चालली आहेत. २०१३ च्या अंकुश गायकवाड खटल्यात, जो आपल्याच राज्यातला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे आणि त्याची कारणं निकालात दिसली पाहिजेत. तरी कोणी मागितलंच नाही तर तो विचार राहून जातो. मागणारी माणसं हवी आहेत.

प्रवेश सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर मुलीने दोन कामं करावीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विधी स्वयंसेवकांच्या पुढच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. आणि कॉलेज नसेल पण न्यायालय चालू असेल अशा दिवशी सत्र न्यायालयात जाऊन बसावं. पोक्सो आणि बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, तिथे आत सोडणार नाहीत. पण खून, दरोडा, जबर मारहाण यांची न्यायालयं खुली असतात. मागच्या बाकावर वही घेऊन बसायचं, आणि आरोपीकडे नाही, मेलेल्या माणसाच्या घरच्यांकडे बघायचं: त्यांना कोण बसायला सांगतं, पुढची तारीख कोण समजावतं, उलटतपासणी झाल्यावर त्यांच्याशी कोण बोलतं. आठवडाभर हे लिहून काढू दे. नंतरही तिला हेच शिकायचं असेल तर ती वही घेऊन मला भेटायला येऊ दे, क्षेत्रकार्य कुठे मागायचं ते आपण बसून ठरवू.